पाणी लागलं

गिरगाव, १२ जानेवारी २०२५

चि. इरावतीस आत्याचे आशीर्वाद, आणि त्याच्या जोडीला थोडा रागही.

फोनवर तू "हो", "बरं" आणि "जेवले" एवढंच बोलतेस आणि मग तुझी रेंज जाते. मी काही महत्त्वाचं विचारायला लागले की नेमकी तेव्हाच जाते, हे माझ्या लक्षात आलं आहे. बँकेत जन्म काढला मी, माणसं कुठल्या प्रश्नाला खोकतात ते मला कळतं. म्हणून हे पत्र. पत्राला रेंज लागत नाही. उत्तर तेवढं लागतं.

वाडीचं रीडेव्हलपमेंट अखेर ठरलं. एप्रिलात घरं रिकामी करायची आणि इमारत उभी राहीपर्यंत भाड्याच्या जागेत राहायचं. मी परळला एक जागा बघितली आहे. ते सगळं ठीक. पण नव्या नकाशात आपल्या विहिरीच्या जागी गाड्या वर-खाली करायची लिफ्ट दाखवली आहे. विहीर बुजवणार. मी सेक्रेटरी हितेंद्रला विचारलं, तर म्हणतो, "लतिकाताई, आता विहिरीवर कोण जातं? नळ आहे ना घरोघर." मी जाते, म्हटलं. रोज दुपारी जाते आणि वाकून बघते. त्यावर तो हसला.

मार्चच्या मध्यावर सभा आहे. तू भूगर्भातलं पाणी शिकलेली, याच वाडीत वाढलेली. तुझा शब्द ऐकतील. तुझं ते सहा महिन्यांचं कामही फेब्रुवारीत संपतंच आहे. तर सभेसाठी ये आणि आलीस की राहा.

हल्ली दुपारी पडले की मला एकच स्वप्न पडतं. समुद्र आपल्या पायरीपर्यंत आलेला असतो, पण गडबड न करता, एखादा पाहुणा चपला काढून दारात उभा राहतो तसा. चौपाटी, ट्राम गेलेला रस्ता, फुलवाले, सगळं पाण्याखाली आणि सगळं शांत. मधोमध आपली विहीर. तू काठावर उभी राहून बादली सोडतेस. दोर जातोच आहे, जातोच आहे, आणि बादली पाण्याला टेकायच्या आत मला जाग येते.

तू म्हणशील, आत्या, तूच ये इकडे. मला परगावचं पाणी बाधतं हे तुला ठाऊक आहे. नाशिकला नम्रताच्या लग्नाला गेले आणि आठवडाभर आडवी झाले. तुझे बाबा म्हणायचे, आमची लतिका मुंबईबाहेर गेली की आधी तिचं पोट परत येतं, मग ती. गुरू गेला, पण त्याचं ते बोलणं अजून खरंच आहे. तेव्हा तूच ये.

तुझी,
लतिकाआत्या


खडकवस्ती, ता. माण, २७ जानेवारी

ती. आत्या, नमस्कार. आशीर्वाद आणि राग दोन्ही पोचले.

रेंज खरंच जाते गं. टेकडीच्या अर्ध्यावर एक लिंबाचं झाड आहे, तिथे उभं राहिलं तरच बोलता येतं, आणि तिथे आधीच सगळ्या गावच्या सुना माहेरी बोलत असतात. पत्र बरं. पत्र लिहिताना मागे कुणी उभं नसतं.

विहीर बुजवू देऊ नकोस. सभेत सांगायला सोपं करून लिहिते. समुद्र एवढा जवळ असून आपली विहीर गोडी कशी, तर मलबार हिलवर आणि आपल्या अंगणांत पडलेला पाऊस मुरतो आणि जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. गोडं पाणी हलकं असतं. खाली समुद्र, वर ते, अगदी दुधावरच्या सायीसारखं. जेवढं लागेल तेवढं हाताने काढलं तर पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. पण कुणी मोटर लावून ओढत सुटलं की खालचा समुद्र वर चढतो. आणि एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला फार वर्षं जातात.

इथे सगळं उलटं आहे. काळा पाषाण, त्याखाली मुरूम, पुन्हा पाषाण. पाणी कुठल्या तरी भेगेतून चालत असतं, आणि ते कुठून जातं हे ओळखून गावच्या विहिरीची जागा दाखवायची, हे माझं काम. पाऊस कमी, म्हणून गवत आखूड. गवत आखूड, म्हणून गाईंपेक्षा मेंढरं जास्त. मेंढरं म्हणून लोकर, लोकर म्हणून घोंगड्या. शेत अर्धं वर्षच पोसतं, म्हणून घरटी एक माणूस सोनं-चांदी आटवायच्या धंद्यात कुठे कोइमतूरला, कुठे कोलकात्याला. ज्या गावात प्यायचं पाणी टँकरने येतं त्या गावची माणसं देशभर सोन्याचं पाणी करतात. 

मी राहते ते घर अण्णांचं. तरुणपणी ते डिलाईल रोडला गाववाल्यांच्या खोलीत राहून गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा परत आले. मी गिरगावची म्हटल्यावर म्हणाले, "आमच्याकडं पानी न्हवतं म्हून आमी तुमच्याकडं आलो. आता तुमच्याकडं गिरन्या न्हाईत म्हून तू हिकडं आलीस. फिटलं की गं." अजूनही त्यांच्या मराठीत मधूनच "खाली-पीली" येतं. बायको म्हणते, "ह्यांना मुंबईचं पानी लागलं ते काय उतरलं न्हाई."

काम फेब्रुवारीत संपायचं होतं, पण जागा अजून पक्की होत नाहीये. सभेला यायचं जमतं का बघू.

तुझी,
इरा


गिरगाव, १० फेब्रुवारी

चि. इरा, आशीर्वाद.

"बघू" हा शब्द तुझ्या बाबांचा. गुरूचं "बघू" म्हणजे नाही, हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलं. तुझं "बघू" त्याच वाणाचं निघू नये म्हणजे झालं.

काल रे रोडचा लाकूडवाला येऊन गेला. इमारत पाडताना खांब-तुळया तो घेणार. एकेका खांबावर टिचकी मारून कान लावून ऐकत होता. म्हणाला, "बाई, हे ब्रह्मदेशी सागवान आहे, असलं आता मिळत नाही." म्हणजे मी एवढी वर्षं ब्रह्मदेशाच्या जंगलाला टेकून चहा पीत होते आणि मला पत्ता नाही. तो गेल्यावर मी जिन्यात बसले आणि विचार करत राहिले. फरशी शहाबादची. कौलं मंगळूरची. नळाला पाणी तानसाचं, तेही ज्यांच्या अंगणातून येतं त्यांचे हंडे रिकामे ठेवून. या घरात आपलं म्हणावं असं काय, तर ती एकटी विहीर. बाकी सगळं घर म्हणजे लांबलांबहून येऊन इथे उतरलेले पाहुणे. विचार करता करता डोळा लागला आणि वाटलं, खांबांना पानं फुटली आहेत आणि वर कसलेसे अनोळखी पक्षी बसले आहेत. हितेंद्रने हाक मारली तेव्हा ते उडाले.

परळची जागा नक्की केली. लहान आहे, पण एका खोलीला मोठी खिडकी आहे. काचेच्या उंच इमारतींच्या मधे एका गिरणीचं जुनं धुराडं तेवढं शिल्लक आहे, ते तिथून दिसतं. ती खोली तुझी. तुझी पुस्तकांची कपाटं तिकडेच मांडणार आहे. आपला घरचा सांबार मसाला ताजा कुटून ठेवला आहे. तू आलीस की कोलंबीचं आटलं करू. तिकडे मेंढ्यांच्या गावात कोलंबी कुठली मिळायला?

सभेच्या आधी दोन दिवस ये. मी खाऊचे डबे धुऊन वाट बघते.

तुझी,
आत्या


खडकवस्ती, ३ मार्च

ती. आत्या, नमस्कार.

जागा ठरली. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे कुणालाच वाटलं नव्हतं तिथे. खणायला सुरुवात झाली आहे. मुरूम सरला, आता पाषाण लागलाय.

इथल्या दुपारी तुला आवडतील. उन्हात सगळं माळरान पांढरं होतं आणि मग एखादा चुकार ढग वरून जातो. त्याची सावली टेकडी चढते, उतरते, मेंढरांवरून जाते आणि मेंढरं मान वर करतात. पाऊस नाही, नुसती त्याची सावली. मी बांधावर पडून जमिनीला कान लावते. हसशील, पण मला खाली कुणी तरी चालल्यासारखं वाटतं. जेवणाकडे लक्ष नसतं. डोकं दिवसभर कुठे तरी तरंगत असतं.

सभेला येणं होणार नाही. कसं सांगू कळत नाही, आत्या, पण मला इथलं पाणी लागलंय. तू काळजी करू नकोस. इथली माणसं मला फार जपतात. नीट सगळं लिहायला बसायचं आहे, पण आज हात चालत नाही.

तुझी,
इरा


गिरगाव, ८ मार्च

इरा,

मला वाटलंच होतं. जेवण नाही, डोकं तरंगतंय, हात चालत नाही. परक्या गावचं पाणी लागल्यावर हेच होतं. नाशिकला माझं अगदी असंच झालं होतं. फोन लावून लावून थकले, तो बंद. त्या लिंबाच्या झाडाखाली जायचंही त्राण नाही का तुला?

पाणी उकळून पी. नुसतं गरम नव्हे, खळखळ उकळलेलं. ताकात सुंठ घालून घे. उन्हात त्या बांधावर पडायचं बंद कर.

तिसऱ्या मजल्यावरच्या अनिमेषची सासुरवाडी फलटणची. तो उद्या निघतोय आणि वाट वाकडी करून तुझ्याकडे यायला तयार झाला, भला माणूस. त्याच्याबरोबर सुंठ, मोरावळा, मऊ भाताचे तांदूळ आणि सरबताच्या जुन्या बाटलीत आपल्या विहिरीचं पाणी पाठवते आहे. हसू नकोस. माझी आजी यशोदाबाई सासरी जाणाऱ्या वाडीतल्या प्रत्येक मुलीच्या हातात विहिरीच्या पाण्याचा गडू द्यायची. नव्या घरी गेलं की तिथल्या हंड्यात तो ओतायचा. मग परकं पाणी ओळख धरतं आणि बाधत नाही. मला तसा गडू कुणी दिला नाही, कारण मी कुठे गेलेच नाही.

मीच निघाले असते, पण तिथे येऊन मीही आडवी झाले तर दोघींना पाणी कोण देणार? बरी झालीस की अनिमेषच्याच गाडीतून परत ये. मी सभेत सांगते की माझी मुलगी आजारी आहे.

तुझी,
आत्या


खडकवस्ती, १७ मार्च

प्रिय आत्या,

अनिमेषदादा आले तेव्हा मी खड्ड्यात उतरले होते, डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेली. त्यांना वाटलं होतं की मला झोपवून न्यावं लागेल. त्यांनी मागच्या सीटवर उशीसुद्धा आणली होती. अण्णा अजून हसताहेत.

आत्या, मी ठणठणीत आहे. चूक माझी. मी "पाणी लागलं" लिहिलं ते अण्णांच्या बायकोच्या अर्थाने, त्यांना मुंबईचं लागलं तसं. तुझ्या घरात त्याचा अर्थ आजार होतो, हे मला आठवायला हवं होतं.

आता सरळ लिहिते. मी इथे राहतेय. पलीकडच्या गावांतही अशीच विहिरींची कामं आहेत. मला विचारलं आणि मी हो म्हटलं. जानेवारीतच विचारलं होतं. "बघू" लिहिलं तेव्हा मला उत्तर ठाऊक होतं, फक्त तुला सांगायची हिंमत नव्हती. तू मला लहानाचं मोठं केलंस, आणि घर उठायच्या वेळी मी तिथे नाही, याचं मला फार वाईट वाटतं. खरंच आजारी असते तर तू मला बरं केलं असतंस. पण इथे मी सकाळी उठते तेव्हा मला कुठे जायचं आहे ते माहीत असतं. मुंबईत मला तसं कधी झालं नाही.

तुझी बाटली कोनाड्यात ठेवली आहे. दुपारी तिच्यातून उन्हाचा एक हिरवा ठिपका भिंतीवर पडतो.

सभेचं काय झालं?

तुझी,
इरा


परळ, ३० एप्रिल

चि. इरा,

इतके दिवस लिहिलं नाही. फोनवरही मी "हो", "बरं" आणि "जेवले" एवढंच बोलले, आणि रेंज तर माझ्याकडे भरपूर होती. माझ्या जिवाला लागलं होतं. तू आजारी नाहीस हे वाचून आधी हायसं वाटलं आणि लगेच वाटलं, त्यापेक्षा ताप असता तर बरं झालं असतं. ताप उतरतो तरी. असं मनात आलं म्हणून मग स्वतःचाच राग आला.

सभेचं सांगते. ती लांबून मार्चअखेरीस झाली, तोवर तुझं पत्र आलं होतं. मी तुझं जानेवारीतलं पत्र वाचून दाखवलं. दुधावरची साय सगळ्यांना पटली. पुढे मोटर लावून ओढत सुटलं की काय होतं, त्या ओळीवर आले आणि माझा आवाजच बसला. हितेंद्रला वाटलं विहिरीसाठी गहिवरले. पाणी आणून दिलं त्याने. विहिरीसाठी नव्हतं ते. जानेवारीपासून मी दुसरं काय करत होते? सभा, विहीर, खिडकीची खोली, कोलंबी, जे हाताला लागेल ते लावून तुला ओढत होते. आणखी थोडी ओढली असती तर तू आलीही असतीस. आणि मग आपल्या दोघींची गोडी गेली असती.

विहीर बुजवणार नाहीत. लिफ्ट सरकवली. गच्चीवरचं पावसाचं पाणी आत सोडणार आहेत. पण इमारत होईपर्यंत वर झाकण. निघायच्या दिवशी मी वाकून बघितलं. आत आभाळाचा गोल तुकडा होता आणि त्यात माझं डोकं. मग कामगारांनी झाकण सरकवलं तसा तो तुकडा चंद्रासारखा कमी कमी होत गेला. आता ती दिसत नाही, पण आहे. तुझ्याबद्दलही मी असंच म्हणायची सवय करते आहे.

खिडकीच्या खोलीत आता मीच झोपते. धुराडं जवळून फार उंच दिसतं. त्यातून धूर काढणारी निम्मी माणसं तुझ्या अण्णांच्या मुलखातली असतील, असं आता त्याच्याकडे बघताना मनात येतं.

ते बाटलीतलं पाणी संपलं असेल. असू दे.

तुझी,
आत्या


खडकवस्ती, १४ मे

प्रिय आत्या,

पाणी लागलं.

या वेळी तिसऱ्या अर्थाने. विहीर खणताना झरा फुटला की इथे हेच म्हणतात. पाषाण संपून खाली मऊ खडक लागला होता. सकाळी त्यात ओल दिसली, आणि जेवायच्या सुमारास कोपऱ्यातून धार आली, माझ्या करंगळीएवढी. खालून कुणी तरी ओरडलं, "लागलं!" आणि ते माळावरून पुढे पुढे गेलं. मेंढरांमागे होते ते आले, चुलीपुढच्या बाया आल्या.  सगळे काठावर बसून त्या धारेचा आवाज ऐकत राहिले. मी रडले, आत्या. तू असायला हवी होतीस.

संध्याकाळी नारळ फोडला. मी घरी जाऊन कोनाड्यातली बाटली आणली. मी त्यातला थेंबही प्यायले नव्हते. मला गरजच पडली नाही. अण्णा म्हणाले, "ह्ये कुठलं?" मी म्हटलं, गिरगावचं, आमच्या घरचं. त्यांनी बाटली उन्हाकडे धरून बघितली आणि परत दिली. "मंग घाल की. एकलं पानी बुजतं, मेंढरावानी."

मी ओतलं. शास्त्र विचारशील तर आपल्या विहिरीचं पाणी मी कॉलेजात असताना तपासलं होतं, ते स्वच्छ आहे, आणि एका बाटलीने विहिरीला काही होत नाही. मी शास्त्र म्हणून ओतलं नाही.

आता तळाशी एवढं साठलंय की आभाळ दिसतं. बघायला ये, असं म्हणणार होते. पण तुला बाधतं हे माहीत आहे, म्हणून नुसतं कळवते.

तुझी,
इरा


परळ, २० मे

चि. इरा,

काल दुपारी पुन्हा तेच स्वप्न पडलं. समुद्र, पायरी, तू आणि तो दोर. या वेळी बादली टेकली. आवाजसुद्धा ऐकला मी. आणि जाग आली ती तहान लागल्यामुळे.

अनिमेष शनिवारी फलटणला निघतोय. त्याच्याबरोबर येते आहे. तुला न्यायला नव्हे, तेव्हा धास्तावू नकोस. चार दिवस राहून परत येईन. सांबार मसाला आणते. कोलंबी प्रवासात टिकायची नाही, सुकट आणते. अण्णांना विचार, डिलाईल रोडला खाल्लं असेलच त्यांनी.

माझ्यासाठी पाणी उकळून ठेवू नकोस. त्या विहिरीत आपल्या घरचं आहे. मला कशाला बाधेल?

तुझी,
आत्या